अंगठ्यावरची हवा

ता. ४, सोमवार

चि. भाऊजींस वहिनीचे आशीर्वाद.

तुमच्या दादांनी मला वेड लावायचं ठरवलंय. डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची ती म्हातारी गाडी तीन आठवडे दारात उभी आहे. इंजिन खोलून परत बांधलं, नुसतं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचं राहिलंय. चार वेळा लावलं. चारही वेळा सायलेन्सरातून बार उडाला आणि शेजारीण किंचाळत बाहेर आली. हे कधी पेट्रोलला शिव्या देतात, कधी प्लगला, काल मला दिल्या. डोळे मिटून टायमिंग लावणाऱ्या माणसाला या एकाच गाडीचं लागेना? आणि परवा दुसऱ्या एका गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून उभे होते. जळल्याचा वास मला आला, यांना पत्ता नाही. काय समजायचं मी? तुम्ही यांच्याच हाताखाली शिकलात, तुम्हीच सांगा.

बाकी खुशाली लिहायची पद्धत आहे. खुशालीच नाही, तर कुठून लिहू?

वहिनी

ता. ९, शनिवार

ती. वहिनींस सा. न.

बोटाला थोडं लागलंय, म्हणून मुलगी लिहितेय. तिच्या अक्षराला हसू नका. इंजिनाच्या पुलीवरची टायमिंगची खूण दर फेऱ्याला समोर येते, पण दोनातला एकच फेरा ठिणगीचा, तोच खरा. तो ओळखायला पहिला प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि हँडल फिरवायचं. आतल्या हवेने अंगठा ढकलला की तो आपला फेरा. मला पहिल्या दिवशी हवा कळली नाही, तर दादांनी टपली मारली होती. ते यात चुकायचे नाहीत. तरी एकदा तुमचा अंगठा धरून बघा. भांडू नका.

माझं बरं चाललंय. हल्ली मला गॅरेजातून उठवून ऑफिसात बसवलंय, पंख्याखाली. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमचा भाऊजी

ता. १३, बुधवार

भाऊजी, आशीर्वाद.

धरला अंगठा. आधी यांनी धरला, हँडल मी फिरवलं. पुन्हा फिरव म्हणाले, पुन्हा फिरव म्हणाले, माझे खांदे गेले. शेवटी यांचा हात बाजूला केला, माझा ठेवला. दुसऱ्याच फेऱ्याला हवेने असा धक्का दिला की मी ओरडले. हे विचारत राहिले, आली का, खरंच आली का.

त्यावर टायमिंग लावलं. गाडी अशी सुरू झाली की बोनेटवरच्या कपातला चहा हलला नाही. पण हे हसले नाहीत. पाने पुसले, फडक्यात बांधले, पेटीत टाकले आणि म्हणाले, बाबांचंही असंच सुरू झालं होतं. मग मला आठवलं, मामंजी कप दोन्ही हातांनी धरायचे, बटणं सासूबाई लावायच्या. आपण त्याला म्हातारपण म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी हात तपासले. नसा गेल्यात, गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. घरात अजून कुणाला आहे का, विचारून सांगा म्हणाल्या.

म्हणून तुमचं पत्र परत काढलं. कुठल्या बोटाला लागलंय? त्याआधीचं पत्रही पोरीच्याच अक्षरात होतं, तेव्हा म्हणे चष्मा हरवला होता. चांगल्या मिस्त्रीला पंख्याखाली कोण बसवतं? माझी शाळा कमी झाली, पण मी खुळी नाही. यांना अजून काही बोलले नाही. एका घरात दोन पेट्या बंद झालेल्या यांना सोसायच्या नाहीत, मलाही नाही.

लोभाचं नंतर बघू. पुढच्या गुरुवारपर्यंत, एकवीस तारखेपर्यंत, उत्तर माझ्या हातात पाहिजे. दोनच ओळी लिहा, वाकड्या चालतील. पण तुमच्या हाताने.

वहिनी