आठवा हात

३ ऑक्टोबर १९८४, वेस्ट विंडसर
अखेर काम मिळालं बाई! राजीव लॅबला गेला की दिवसभर भिंतींशी बोलायचं, ते संपलं. मिसेस व्हिटलॉक समुद्री जिवांची जुनी चित्रं जमवतात. त्यांच्याकडे दोनशे वर्षांपूर्वी छापलेला एक ऑक्टोपस आहे, हातानं रंगवायचा राहून गेलेला. चार हात लाल, चार कोरे. ते चार मी रंगवायचे. अट एकच: जुन्या रंगाऱ्यांसारखं ब्रश ओठांत ओला करून त्याचं टोक काढायचं. आईनं पाहिलं असतं तर ‘शी, उष्टा ब्रश!’ म्हणून पाठीत धपाटाच घातला असता. रंगाची वाटी काळ्या काचेची, आतलं काही दिसत नाही. पण लाल काय सुरेख उमटतो!

८ ऑक्टोबर
पाचवा हात पुरा झाला. आधीचे चार उत्तरा नावाच्या मराठी मुलीनं रंगवले म्हणे. मग ती नागपूरला परत गेली. तिला पत्र लिहीन म्हणते.

१४ ऑक्टोबर
काल मंडळाच्या कोजागिरीला लताकाकूंकडे उत्तराचा पत्ता मागितला. काकूंचा चेहराच उतरला. ती परत गेलीच नाही, इथेच हॉस्पिटलमध्ये वारली, म्हणाल्या. अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि डॉक्टरांना कारण सापडलं नाही.
मग व्हिटलॉकबाई माझ्याशी खोटं का बोलल्या?

१७ ऑक्टोबर
सहावा झाला, सातवाही. जिना चढताना धाप लागते. राजीव म्हणतो, ब्लड टेस्ट करून घे यार, ओठ बघ कसे पांढरे पडलेत. बाई चित्राकडे बघतच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघतात.

१९ ऑक्टोबर
बाई फोनवर होत्या. वाटी बशीत ओतली. नुसतं खारं पाणी. रंग नाहीच. कधीच नव्हता. मग इतके दिवस मी कशानं — पर्स उचलून पळत सुटले.

२० ऑक्टोबर
मी येणार नाही, असं राजीवनं फोन करून कळवलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांचा ब्रश माझ्या पर्समध्ये आलाय. राहू दे तिच्याकडेच, म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर
बाईंचा फोन. आठवा हात आपोआप भरत चाललाय, थँक्यू म्हणाल्या. खोटारडी मेली! मला घाबरवते.
राजीव येईपर्यंत लिहीत बसते. पेन संपलं — ब्रशनंच —
घरात रंग नाही. शाईही नाही.
मग ही अक्षरं लाल क—