हेलनचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे

सोम. ३ फेब्रु. २००३, आयसेलिन, न्यू जर्सी
सिडनी ऑफिसमधल्या हेलनची पोस्ट रद्द करायचीय. ती मला रिपोर्ट करते, म्हणून लोढणं माझ्या गळ्यात. कंपनीच्या तिथल्या वकिलानं फोनवर बजावलं, तिथला नियमच आहे: ठरवण्याआधी तिच्याशी बोला, कंपनीत दुसरं काम देता येतं का बघा, तिचं म्हणणं मनापासून ऐका.
फोन ठेवल्यावर बॉस ग्रेग म्हणतो, "ग्रेट. ठरलंच आहे, आता सल्लामसलत उरकून टाक."
उरकून टाक! अक्कल हा पदार्थ या माणसाला वाढलाच नाही कुणी.

मंगळ. ४
इथल्या संजयला आज काढलं. नागपूरचा पोरगा, एच-वन व्हिसावर. लंचच्या आधी 'पाच मिनिटं येतोस?' म्हणून बोलावून बॅज काढून घेतला, सिक्युरिटीवाला गाडीपर्यंत सोबत. "शुभदाताई, मला एकदा विचारलंही नाही हो." काय सांगू? इथे विचारावं लागतच नाही.
एचआरची डायन दारात हसत उभी. आईबापांनी नाव अचूक ठेवलंय.

बुध. ५
संध्याकाळी हेलनला फोन. डायननं लिहून दिलेलं वाचलं: अजून काहीही ठरलेलं नाही.
"खरंच नाही, शुभदा?"
पुढची ओळ वाचली. शी.

गुरु. १३
हेलननं काल पर्याय सुचवला. न्यू जर्सीत रात्रपाळीला कंत्राटी माणसं ठेवता. तुमची रात्र म्हणजे माझा दिवस, ते काम मला द्या. इतकं सरळ! सकाळी ग्रेगला सांगितलं. बेगल चावत म्हणाला, "छान. ऐकलं म्हणून कळव आणि काढून टाक."
"पण विचार करायला हवा ना?"
"केला की आत्ता."
तोंडातला घास अजून गिळला नव्हता.

मंगळ. १८
मी कळवलं नाही, तर त्यानंच परस्पर तिला काढलं. हेलननं तक्रार केली. आता सिडनीच्या वकिलाची मला मेल: बोलण्याआधीच निर्णय झाला होता का?
ग्रेग, मधाळ आवाजात: "नाही म्हण. तुझं ग्रीन कार्ड आम्हीच करतोय ना?"
घरी मिलिंद चिडला. "यार, आपला संसार आहे इथे. ती तुझी कोण?"
कोणी नाही. तरी लिहिलं: होय, आधीच ठरलं होतं. तिच्या पर्यायाचा कोणीही विचार केला नाही. पाठवलं. मिलिंद उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला.

बुध. १९
ग्रेग समोरून गेला, बघितलंही नाही. भित्रा.
मग डायनचा फोन. "पाच मिनिटं येतेस?"
"विषय काय? आधी सांगा, मग येते."
असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नसावा. "ग्रेगला विचारून सांगते," म्हणाली.
अजून फोन नाही. जागेवरच बसलेय...