तुम्ही लावलेला मंगळ

बाबा,

निवडणूक लागली की मला तुमची आठवण येते. तुम्ही काही पुढारी नव्हतात, नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर होतात. पण मास्तरांना निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. बाकीचे मास्तर ती रद्द करून घ्यायला तहसीलच्या चकरा मारायचे. ऐनवेळी कुणाची कंबर धरायची, कुणाची सासू अत्यवस्थ व्हायची. तुम्ही मात्र लग्नाला निघाल्यासारखे कपड्यांना इस्त्री करून तयार असायचात. कधी मुखेडकडचं एखादं खेडं, कधी बिलोली, एकदा तर पार इस्लापूर. आणि परत येताना पिशवीत काहीतरी अजब असायचंच. मुखेडहून सुगरणीचं घरटं, इस्लापूरहून पाण्यानं आरपार भोक पाडलेला दगड, कुठून तरी काळ्या पत्थराच्या पोटात वाढलेले पांढरे स्फटिक. आई म्हणायची, "लोकं ड्यूटीवरून येताना भाजीपाला आणतात, आमच्याकडं दगड." त्या वस्तू शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात जायच्या, आणि कपाटावर तुम्ही चिकटवलेलं असायचं, 'हात लावा, मग विचारा.' तुम्हाला काहीही विचारलेलं चालायचं. साप डोळे का मिटत नाही, मेलेल्या माणसाची नखं वाढतात का, काहीही. एकदाच तुम्ही माझ्यावर डाफरलात. मी विचारलं होतं, बाबा, तुम्ही मत कुणाला दिलं? तुम्ही म्हणालात, "हे मी तुझ्या आईलापण सांगत नाही. माणसाची एक गोष्ट त्याची एकट्याची असते. ती विचारायची नसते." ते मी फारच मनावर घेतलं.

भूकंप झाला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. आपल्याकडं नुसती भांडी वाजली होती, पण लातूरकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेल्याच्या बातम्या आल्या आणि आपली सगळी गल्ली घराबाहेर येऊन बसली. शेजारच्या काकू म्हणत होत्या, पाप लई झालं, म्हणून धरणी हलली. तुमच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलं, आईच्या टोपल्यातली ताजी भाकरी घेतली, तिचे तुकडे परातीत आमटीवर ठेवले आणि बोटानं ढकलून दाखवलं, की जमीन अशी सरकते आणि कडा घासल्या की हादरा बसतो. मी विचारलं, मग आपला भाग कडेला आहे का? तुम्ही म्हणालात, "नाही. पुस्तकं सांगतात, हा भाग पक्का आहे. पुस्तक चुकलं." पुस्तक चुकतं, आणि ते मोठ्या माणसानं असं सरळ म्हणायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं गल्लीतल्या ज्योतिषानं सांगितलं की अमुक दिवशी दुसरा धक्का बसणार, त्याहून मोठा. त्या दिवशी सगळे मैदानात होते आणि तुम्ही आम्हाला घेऊन दिवसभर घरात बसलात, दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असं. आई रडत होती. तुम्ही मोठ्यानं आम्हाला विज्ञानाचं पुस्तक वाचून दाखवत होतात. काही झालं नाही. त्यानंतर ज्योतिषाला हरवणारे मास्तर अशीच तुमची ओळख झाली, आणि माझी पत्रिका कधी केलीच नाही हेही तुम्ही चारचौघांत अभिमानानं सांगायचात.

पुस्तकांचा नाद तुमचाच. पुस्तकांची गाडी आली की स्वस्तातली, जाड कागदाची भाषांतरित विज्ञानाची पुस्तकं तुम्ही काखेत मारून आणायचात. पुस्तकात न कळलेल्या ओळीवर पेन्सिलीनं एक बारीक उभी रेघ ओढायची, कळली की खोडायची, ही तुमची रीत. मीपण पुढं तशाच रेघा ओढायला लागलो. शरीराविषयीच्या एका पुस्तकात मी माझ्यासारख्या मुलांबद्दल काही सापडतंय का ते शोधलं होतं. मला मुलगे आवडतात हे मला तेव्हा कळून चुकलं होतं. सापडली ती एकच ओळ, आणि तीही आजारांच्या प्रकरणात. भूकंपाच्या वेळचं तुमचं वाक्य मला तेव्हा आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि तुम्हाला विचारलं नाही.

पुढं लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. भूकंपातून सावरलेलं गाव डॉक्टर-इंजिनियर घडवायला लागलं. मी तिथं भौतिकशास्त्र शिकवायला गेलो आणि बघता बघता 'सर' झालो. चौकाचौकातल्या खांबांवर माझा फोटो लागला. आज निवडणुकीत त्याच खांबांवर उमेदवार आणि मेडिकलला लागलेली पोरं शेजारी शेजारी हात जोडून उभी असतात. कोण निवडणुकीला उभं आहे आणि कोण डॉक्टर होणारंय, ते खालचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही. त्याच क्लासमध्ये तो रसायनशास्त्र शिकवायचा, उदगीरकडचा, हसरा, चहात साखर ढवळताना बोलत राहणारा. आम्ही दोघांनी मिळून खोली घेतली. दोन मास्तर एका खोलीत राहतात यात लातूरला कुणाला काही वाटत नाही, तिथं सगळं गावच खोल्या करून राहतं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर एकदा लातूरला आलात, आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. दोन दिवस राहिलात. मी क्लासला जायचो आणि तुम्ही त्याच्याशी गप्पा मारायचात. मी आलो की तुम्ही दोघं पंखा उघडून बसलेले, तुम्ही स्क्रू काढून राहिलेले आणि तो कॉइल धरून. मला बरं वाटलं होतं. तुम्ही काही पाहिलं असेल अशी शंकाही आली नाही. बाबा, मी तुमचा मुलगा आणि तुमचाच विद्यार्थी, आणि तुम्ही वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवायचात तर आधी नीट बघा. मला वाटलं, तुम्ही ते फक्त दगडांसाठी म्हणता.

स्थळं तर रांगेनं येत होती. लातूरचा क्लासवाला सर म्हणजे काय भाव होता तेव्हा. मी कारणं सांगून थकलो होतो, आणि एकाएकी स्थळं थांबली. चुलत बहिणीकडून कळलं, की माझ्या पत्रिकेत मंगळ आहे, तोही कडक, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. मला आधी हसू आलं. नंतर मंगळाच्या मुलींची स्थळं यायला लागली, तेव्हा म्हणे तुम्ही त्यात आणखी भर घातली, की पहिली बायको टिकत नाही असाही योग आहे. मग मला राग आला. दिवाळीला घरी आलो तर तुमच्या टेबलावर विज्ञानाच्या पुस्तकांमध्ये पंचांग आणि ज्योतिषाचं जाडजूड पुस्तक, आणि त्यात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. ते बघून माझा तोल गेला. तुमचे जुने विद्यार्थी फराळाला आले होते, गल्लीतली दोन-तीन माणसं होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तुमच्यापेक्षा तो रस्त्यावरचा पोपटवाला बरा. तो पोटासाठी खोटं बोलतो, तुम्ही तर हौसेनं बोलून राहिलात. जन्मभर पोरांना काय शिकवलं मग?" कुणीतरी फिसकन हसलं. तुम्ही चिवड्याची बशी पुढं सरकवलीत आणि म्हणालात, "असू दे. म्हातारपण आहे." एवढंच. तुम्ही माझ्याकडं जे बघितलं ते मी शरम समजलो. मला समाधान वाटलं होतं, बाबा, तुमचं तोंड बंद केल्याचं.

त्यानंतर आपण बोललो ते तब्येतीचं, पाण्याच्या टँकरचं, असलंच. मी नांदेडला येणं कमी केलं. गल्लीत तुमची थट्टा व्हायची हे मला ठाऊक होतं. ज्या ज्योतिषाला तुम्ही हरवलं होतं तोच लोकांना सांगायचा, मास्तर शेवटी आले आमच्याच वाटेला. तुम्ही ऐकून घ्यायचात. मग एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि तुमच्या खोलीतलं ते ज्योतिषाचं पुस्तक मी रागानंच रद्दीत घातलं.

आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं ते कलम कोर्टानं काढलं त्या दिवशी आई माझ्याकडं लातूरला होती. टीव्हीवर पोरं रंगीत झेंडे घेऊन नाचत होती. मी चॅनल बदलणार तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे ना. तुझे बाबा असते तर बघितलं असतं." मी म्हणालो, त्यांचा काय संबंध? ती शेंगा फोडत होती, तिनं मानही वर केली नाही. "त्यांना ठाऊक होतं की. लातूरहून आले तवाच मला म्हणले, त्याचं बरं चाललंय, ते पोरगं चांगलंय, आता ह्याला लग्नाचा तरास कोणी देऊ नाही. मग बसले ते पुस्तक घेऊन. तू तर भर दुपारचा जन्मलास, पण दुपारच्या वेळेला मंगळ येईना. वेळ बदलून बदलून बघायचे. पहाटेची घातली तवा आला. लई खूश झाले होते त्या दिवशी." मी विचारलं, मला सांगितलं का नाही? दिवाळीला मी एवढं बोललो तेव्हा तरी? ती म्हणाली, "मी म्हणलं होतं त्यांना. तर म्हणले, पोराला उत्तर आधी सांगायचं नसतं. तो सांगंल तवा सांगंल."

बाबा, तुम्ही तुमची सगळी अब्रू माझ्यासाठी त्या ज्योतिषाच्या ओट्यावर नेऊन ठेवलीत, आणि मी त्यावर पाय देऊन गेलो. हे मला रोज खातं. पण रागही येतो, तोही लिहितो. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पंखा दुरुस्त करताना, चटणीचा डबा देताना, कधीही. मी सांगायची वाट बघत तुम्ही बसलात, आणि मी तुम्हीच शिकवलेलं धरून बसलो, की एक गोष्ट माणसाची एकट्याची असते. त्यापायी आपली ती सगळी वर्षं फुकट गेली. तुमच्याशी त्याच्याबद्दल बोलायला मला किती आवडलं असतं. तो अजूनही चहा ढवळताना बोलतच राहतो, आता केस पांढरे झालेत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्याआधी तो रडला होता.

परवा प्रचाराला माणसं आली. सगळ्यांसाठी काही ना काही होतं त्यांच्याकडं, पाणी, रस्ते, पोरांना मोबाईल. आमच्यासाठी कुणाकडंच काही नसतं, ते एक बरं, ऐकत बसावं लागत नाही. त्यांच्यात माझाच एक जुना विद्यार्थी होता, हुशार, बॅचमध्ये पुढं बसणारा. त्यानं यादी बघितली आणि विचारलं, "सर, घरात दोनच मतं? मॅडमचं नाव राहिलं का?" दोघंही मतदार त्याच घरातले, आडनावं वेगळी. ते दुसरं मत म्हणजे तो, दारामागं चहाचा ट्रे घेऊन उभा होता. माझ्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं, खोटं सांगत नाही. आणि मी म्हणालो, "लग्न नाही केलं. पत्रिकेत मंगळ आहे, कडक." म्हातारा कार्यकर्ता हळहळला. विद्यार्थी माझ्याकडं बघत राहिला, सर, तुम्हीसुद्धा, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. तो ट्रे घेऊन बाहेर आला, सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. त्या दिवशी तो चहा ढवळताना काही बोलला नाही.

तुम्ही ते खोटं माझ्यासाठी बोललात, स्वतःचं नाव घालवून. मी तेच खोटं माझं नाव राखायला बोललो, त्याच्यासमोर. हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं, की तुम्हाला तर हे पोचणार नाही, निदान त्याला वाचायला देईन. तो शेजारच्या खोलीत पेपर तपासून राहिलाय, दार उघडं आहे. अजून उठलो नाही.