जातीच्या रकान्यात लिहिलेलं

गुरुवार, १९ जून १९५८. घाटंजी

शांताचा अर्ज परत आला. यवतमाळच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर माझ्या बहिणीचं शिक्षण सातवीवरच थांबणार. माझं तर सहावीतच थांबलं. आणि चूक माझी. चूक तरी कशी म्हणू? जातीच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'बौद्ध' लिहिलं होतं. जे झालो, तेच लिहिलं. तहसील कचेरीतल्या कारकुनाने त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला. "बौद्धाले सवलत नाही, बाप्पा. जात सोडली ना तुमी? मंग सवलत कायले पाह्यजे? जुनी जात लिहून उद्या आण."

घरी येऊन बाबांना सांगितलं. दीक्षा घेतल्यावर घरचे देव त्यांनीच आपल्या हाताने नदीत सोडले होते. त्यांना वाचता येत नाही, तरी पेन्सिलीच्या त्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "लिही. पोरगी शिकली पाह्यजे."

कोरा अर्ज पुढे घेतला, पण हात चालेना. टाकावरची शाई दोनदा वाळली. भित्रा आहे का मी?

शेवटी शांतानेच टाक घेतला. "तुह्यानं नाही होत, दादा. मीच लिहितो."

तिने ते नाव लिहिलं. मी ते इथेही लिहीत नाही. शाईवर फुंकर घातली. मग विचारलं, "तिथं पोरींनी विचारलं, तर कोणतं सांगू?"