विलाप वगळण्याविषयी

उमरोळी,
८ जानेवारी २०२५

चि. दिग्विजय,

आशीर्वाद. आम्हा दोघांची प्रकृती वयाला साजेशी आहे. वाडीतल्या चिकूंना यंदा फळ बेताचेच लागले. बोईसरला तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

फोनवर तू म्हणालास, "सर, भेटून पाच मिनिटांत संपवू." भेटीत क्रम राहत नाही, म्हणून लिहितो आहे. माझ्या भाषांतरावरून चित्रपट करण्याची परवानगी तू मागितलीस आणि ती मिळणारच असे धरून एक प्रसंग चित्रितही केलास. मी अद्याप सही केलेली नाही. ती केली नाही तर तुझे काम इथेच थांबेल, हे मी जाणतो.

आक्षेप असा. मूळ शोकांतिकेत राणी शत्रूच्या भीतीने नगराची वेस बंद करवते आणि बाहेर राहिलेल्यांत तिचाच मुलगा असतो. दूत मुलाच्या मृत्यूची वार्ता आणतो, राणी विलाप करते. तू राणीला नवापूरच्या मच्छीमारांची पुढारी केलेस. शत्रूच्या जागी वादळ आणलेस. हरवलेल्यांच्या शोधाला एकही होडी सोडायची नाही, असा तिचा हुकूम ठेवलास. इथवर मान्य आहे. विचारपूर्वक घेतलेला निर्णय घेणाऱ्यावरच उलटतो, हे तत्त्व शाबूत राहिले. परंतु विलाप तू समूळ वगळलास. विलाप हा त्या नाटकाचा निष्कर्ष आहे. तो काढल्यास मागे केवळ विधाने उरतात.

तर्कशास्त्राच्या वर्गात तुम्हांला घालून दिलेला नियम मलाही लागू आहे. खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाची बाजू अशी मांडावी की त्यानेही मान डोलवावी. ती मांडतो.

त्या चित्रणाच्या दिवशी मी नवापूरला आलो होतो. कुणालाच कळवले नव्हते. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आड उभा राहिलो. बोंबील वाळत घालायच्या दोरीपाशी तुझी राणी उभी होती, म्हणजे माझी पत्नी प्रेमला. तिचे माहेर त्याच गावचे. लग्नापूर्वी आईबरोबर ती हेच काम करीत असे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. तिचे हात सराईतपणे चालले होते. तुझ्या दूताने वार्ता सांगितली. प्रेमला थांबली नाही. तिने टोपलीतून एक बोंबील उचलला आणि तसाच, एकटा, दोरीवर टाकला. तो घसरून वाळूत पडला. तिने उचलून पुन्हा एकटाच टाकला. पुन्हा पडला. वाळू झटकून ती तो पुन्हा टाकू लागली.

माझ्या पुढे तिची बालमैत्रीण नलू उभी होती. तोंडाशी पदर धरून ती म्हणाली, "बाय माजे, तिला जोडी लावायचीपन सुद नाय."

आता खंडन यायला हवे. दोनदा लिहिले आणि दोन्ही कागद फाडले.

विलापाच्या ओळी मी प्रेमलासाठी लिहिल्या होत्या. समोर मूळ संहिता असे आणि मनात तिच्या श्वासाची लांबी. पालघरच्या प्रयोगांत दूत तूच होतास. प्रेक्षक हुंदके देत, हे तू विंगेतून पाहिले आहेस. प्रत्येक विराम मी आखून दिला होता. तिने एकही चुकवला नाही.

घरी आल्यावर मी तिला सरळ विचारले, हे दिग्विजयने करायला सांगितले काय. ती म्हणाली, "कायच नाय सांगितलं त्यानं. गप बसला, म्हणून मला सुचलं."

माहेरची बोली ती माझ्याशी कधी बोलत नसे. आता जेवतानाही बोलते. वाक्याची सुरुवात "दिग्विजय म्हणतो" अशी होते. मध्येच तिला हसू येते. कशाचे, ते मी विचारतो. ती समजावून सांगते आणि सांगता सांगता तिचे हसू ओसरते. परवानगीचा विषय मी काढला तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटत होती. मागे न पाहता म्हणाली, "तुमी सही करा नायतर नका करू. पिक्चर नाय झाला तरी मी नलूकडं बोंबील सुकवायला जानार हाय."

एवढे लिहिल्यावर आक्षेप दुरुस्त करणे भाग आहे. तो विलापाविषयी नव्हता. दिग्विजय, मला तुझा मत्सर वाटतो. मी सगळे सांगून जे तिच्याकडून मिळवू शकलो नाही, ते तू काही न सांगता मिळवलेस. हे लिहून टाकल्याने मत्सर कमी होईल अशी माझी अपेक्षा होती. तो कमी झालेला नाही.

सही केलेली परवानगी सोबत आहे. विलाप वगळ. श्रेयनामावलीत भाषांतरकार म्हणून माझे नाव असावे, तो माझा हक्क आहे. नावाआधी 'गुरुवर्य' लावू नकोस.

एक अट आहे आणि तिचे समर्थन मला करता येणार नाही. त्या दिवशी चित्रण संपल्यावर तू तिला चहा नेऊन दिलास. हात खारट झाले होते म्हणून तिने पेला पदरात धरला आणि तुम्ही दोघे काही न बोलता समुद्राकडे पाहत राहिलात. यापुढे तिचा चहा मी नेईन. चित्रणाला रोज येईन. तिथे मी एक शब्दही बोलणार नाही.

प्रेमलाचा नवरा,
नरहरी