अंगणात धुपवलेलं मडकं

३ एप्रिल, सकाळी
आजपासून घरात फक्त मातीची भांडी. डिसिजन फायनल. स्टील म्हणजे नुसता खणखणाट. हाताने घडवलेल्या भांड्यावर कुंभाराच्या बोटांच्या रेघा असतात, त्यांवरून अंगठा फिरवला की मन शांत होतं, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला. फिरवून पाहिला. काही वाटलं नाही. सवयीने वाटेल.

साधनाची स्टीलची भांडी मागच्या आठवड्यात मोडीत घातली. ती भाचीच्या लग्नाला गेली होती, सरप्राइज द्यायचं होतं. तिच्या माहेरून आलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. परत आली, रिकाम्या फळीकडे बघत उभी राहिली आणि तीच बॅग उचलून कळमनुरीला माहेरी निघून गेली. एक शब्द बोलली नाही. म्हणजे आयडिया पटली. रविवारी येईलच.

५ एप्रिल, रविवार
आली नाही. एसटीला गर्दी असेल.
मातीच्या तव्यावर भाकरी टाकली. तवा तडकला. अर्धी भाकरी उत्तम होती. अप्पा म्हणाले, बालाजी, चहात माती येऊन राहिली रे. म्हणालो, अप्पा, ते मिनरल्स आहेत. त्यांनी कप तुळशीत ओतला. वडील माणूस, काय बोलणार? तुळशीला मिनरल्स मिळाले.

७ एप्रिल
दही असं घट्ट लागलं की बास! साधनाला दही फार आवडतं. फोटो पाठवला. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. कळमनुरीत नेटवर्कचा प्रॉब्लेम आहेच.

९ एप्रिल
उकाडा सहन होईना. गोटा केला. हात लागलाच आहे तर मिशीही काढून टाकली. आता केस दाट येतील. आरशात कोणीतरी दुसराच दिसतो. चालेल.

११ एप्रिल, संध्याकाळी
वरणासाठी मडकं आणायला रुपाबाई कुंभारणीकडे गेलो. एरवी तोंडाळ बाई. आज माझ्या डोक्याकडे पाहून गप्पच झाली. निवडून एक मडकं काढलं, गळ्याला सुतळीचा फास घालून दिला. म्हणाली, धरायला बराबर होईल. बाकीचं सामान आणलं का, असंही हळूच विचारलं. म्हणालो, हळद-मीठ घरात आहे. तिने पदर डोळ्यांना लावला. भट्टीचा धूर असणार. पण जाणकार गिऱ्हाईक तिने ओळखलं, हे नक्की.

१२ एप्रिल, सकाळी
नवं मडकं आधी धुपवायचं, म्हणजे गळत नाही. व्हिडिओत आहे. आत गोवरीचा विस्तव टाकला. घरात धूर नको म्हणून अंगणात आलो. उघडाच होतो, गरमी किती! बुडाला चटका बसून तडकू नये म्हणून सुतळीला धरून दारापुढे सावकाश येरझाऱ्या घातल्या. अप्पा ओट्यावर झोपलेले, माश्या बसतात म्हणून धोतर तोंडावरून ओढलेलं.
समोरचे अमृतराव थांबले. चप्पल काढली, टोपी काढली, मान खाली घातली. हस्तकलेबद्दल त्यांना इतका आदर आहे, मला माहीत नव्हतं. मीही मान हलवली.

दुपारी
गल्ली जमली. कोणीतरी बांबू आणून टाकले. मी मातीच्या भांड्यांचे फायदे सांगणार, तेवढ्यात ऑटोतून साधना उतरली. मागे तिचा भाऊ. वाटलं, दह्याचा फोटो कामाला आला.
ती माझ्याकडे न बघता ओट्यावर गेली, अप्पांच्या पायांवर पडली, हंबरडा फोडला की अप्पा, मला न सांगता काहून गेलात हो! अप्पांनी तोंडावरचं धोतर काढलं. म्हणाले, पोरी, आलीस? चहा टाक. मातीत नको.
बाया किंचाळल्या.
अमृतराव माझ्यावर खेकसले. म्हणाले, पोरानं डोकं भादरलेलं, हातात विस्तवाचं मडकं, ओट्यावर बाप झाकलेला, आमी काय समजावं? बापाच्या तिरडीपुढं पोरगं असंच मडकं धरून चालतं, हे तुला ठाऊक न्हाई व्हय? साधनाला फोन त्यांनीच केला होता. म्हणालो, गैरसमज होतो कधीकधी.
साधनाने डोळे पुसले. मला एवढंच म्हणाली की, अप्पांसाठी आले होते. अप्पा म्हणाले, मंग मलाबी घेऊन चल. तिने त्यांची धोतरं, गोळ्या, काठी घेतली. तोच ऑटो थांबलेला होता.
मी मडकं धरून उभा होतो. खाली ठेवायचं सुचलं नाही.

१३ एप्रिल
मडकं छान धुपलंय, गळत नाही. वरण केलं. झक्कास झालं, खोटं कशाला सांगू? सवयीने तिघांचं केलं.
भांडेवाल्याकडे जाऊन आलो. म्हणाला, ती मोड कधीच पुढे गेली.
फळीच्या मागच्या फटीत एक चमचा सापडला. त्यानेच जेवलो. घरात फार शांत वाटतं. असली शांतता मला नको होती.
चमचा धुताना चष्मा लावला. सौ. साधना बालाजी. म्हणजे सगळ्याच भांड्यांवर माझंही नाव होतं. मोडीत घालताना वाचलंच नव्हतं.
कळमनुरीला जायलाच पाहिजे. केस जरा वाढले की जाईन.