गावदेवीचं वळण

११ जानेवारी २००९, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. पुढे कोणाला चरित्र लिहावंसं वाटलं तर मटेरियल तयार असावं, इतकंच.
बातमी: द्रोणागिरीच्या रिकाम्या सेक्टरमध्ये टूरिंग कार चॅम्पियनशिप. तेवीस ते पंचवीस. प्लॉट आखलेत, बिल्डिंगा नाहीत, रस्ते मात्र विमान उतरेल असे. शुक्रवारी प्रॅक्टिस, शनिवारी क्वालिफाइंग (कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते), रविवारी रेस. माझी एस्टीम रेडी. मागची सीट काढून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलाय.
बाबांची एक अट आहे. बाबा म्हणजे दादू ड्रायव्हर, करंजाडे ते उरण अख्खं आयुष्य टेम्पो. रेसमध्ये शेवटचा आलो तर पिंजरा बाहेर, सीट आत, टॅक्सीची पिवळी नंबर प्लेट, आणि मी रोज बंदरावरच्या ऑफिसातल्या लोकांची पनवेल स्टेशनवरून ने-आण करायची. मी हसत हो म्हटलं. शेवटचा! रेसचा रस्ता मला पाठ आहे. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून, मग स्वतः टेम्पो चालवून. पुण्या-मुंबईची पोरं नकाशा बघत येणार. माझ्या रक्तातच आहे तो रस्ता.

१२ जानेवारी, सोमवार
संकल्प: रोज पहाटे धावणे. ड्रायव्हर हलका तर गाडी हलकी.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळगुळाला नाही म्हणता येत नाही. धावणे उद्यापासून.

१८ जानेवारी, रविवार
पाय स्वस्थ बसत नाही. जेवताना टेबलाखाली ॲक्सिलरेटर दाबतो. भामा म्हणाली (भामा म्हणजे बायको), जेवण होईपर्यंत तरी न्यूट्रलला राहा. तिला या ताणाची कल्पना नाही.
जिंकल्यावर बोलायचं भाषण तयार. बाबांचे आभार मानावेत का, ठरत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. प्रॅक्टिस
सकाळी गाडीची तपासणी. सुटं काही ठेवायचं नाही म्हणून लिंबू-मिरची काढायला लावली. डॅशबोर्डवरचा देवीचा फोटोही. उघडंउघडं वाटतंय.
अकरा गाड्या. मी अकरावा. पहिल्या दिवशी पत्ते उघडे करायचे नसतात.
परेश स्टॉपवॉच घेऊन उभा होता. परेश म्हणजे मेकॅनिक, शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, जगन, सगळीकडे मस्त जातोस, फक्त गावदेवीच्या वळणावर गाडी मरते. तिथे रस्त्याला लागून गावदेवीचं छोटं देऊळ आहे. मी म्हटलं, फ्युएल पंप. तो म्हणाला, पंप नवीन आहे. मी म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम आहे.

२४ जानेवारी, शनिवार. क्वालिफाइंग
पंप बदलला. प्लग बदलले. फिल्टर बदलला. परत तेच वळण, परत तोच घोळ. अकरावा. माझ्या पुढे दहावा तो पुण्याचा उदयसिंह. त्याच्या गाडीतून आत्ताच चुलीसारखा धूर निघतोय. आणि मी त्याच्या मागे!
परेशला तोंडावर सांगितलं की बाबा रे, तू रिक्षाच दुरुस्त कर. तो दिवसभर गाडीखालीच होता. वाईट वाटलं, पण टॉप लेव्हलला इमोशन चालत नाही.

दुपारी ४
भामाने मोबाइलवर शूटिंग केलंय. म्हणाली, बघा, दरवेळी देवळासमोर तुमचा मागचा लाल दिवा लागतो. मी म्हटलं, ऊन चमकतंय. ती म्हणाली, ऊन प्रत्येक राउंडला तिथेच कसं चमकतं? मग दाखवलं की माझा उजवा हात स्टीअरिंगवरून सुटतो, छातीला लागतो, मग हेल्मेटला. मी म्हटलं, काच नीट करत होतो.
म्हणाली, अहो, तुमी नमस्कार करता. गाडीत काय बी बिघाड नाय.
काय पण आरोप! दोनशे रुपड्यांचा कॅमेरा असल्यासारखं दिसतंय सगळं अंधुक. तिने मला तेच परत सहा वेळा दाखवलं.

संध्याकाळी ६
समजा, करत असेन. तर तो घराण्याचा संस्कार आहे. बाबांच्या टेम्पोत बसून शिकलो. दादू ड्रायव्हर देवीला नमस्कार न करता कधी पुढे गेला नाही. मोडायचं म्हटलं तर मिनिटात मोडेन.
देवळात जाऊन आलो. गावदेवीची शपथ घेतली की उद्या गावदेवीला नमस्कार करणार नाही. भामा म्हणाली, तिला विचारलं का चालेल का? परेश बाहेर उभा होता. हसू दाबत होता. म्हणजे रागावला नाहीये. बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं.

२५ जानेवारी, रविवार. रेस
शांतपणे लिहितो.
बाबा टेम्पो घेऊन आलेले. अर्धं करंजाडे मागच्या हौद्यात. पहिल्या राउंडपासून हात स्टीअरिंगवर घट्ट. देऊळ आलं, गेलं, हात जागेवर. उदयसिंहला गाठलं, ओलांडलं. दहावा! लोक ओरडत होते. पिवळी नंबर प्लेट कायमची गेली असं वाटलं आणि पिंजऱ्यात बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. या गाडीवर माझा जीव आहे. ते लिहायला लाज कसली.
शेवटचा राउंड. देवळाशी गावातल्या बाया ओळीने उभ्या. कोणीतरी घंटा वाजवली.
हात हलला नाही. हे इथे नोंदवून ठेवतो. हात हलला नाही. मान वाकली. मान वाकली की पाय सुटतो, हे शास्त्र आहे. हेल्मेट हॉर्नवर आपटलं, भोंगा वाजला, आणि उदयसिंह सगळा धूर माझ्या तोंडावर सोडून पुढे गेला.
अकरावा.
अपील केलं. घंटा हा बाहेरचा अडथळा धरावा. ऑफिशियल म्हणाले, घंटा सगळ्यांनाच ऐकू आली.

संध्याकाळी ५
गावाने मला देवळासमोर बोलावून सत्कार केला. सरपंच धर्मराजमामा म्हणाले, तीन दिवस समदे देवीसमोरून बेफाम गेले, माणूस म्हनून हाच एक पोरगा. शाल दिली आणि हातात नारळ. नारळच मिळणार होता म्हणा. पुढे मामा या बेफाम गाड्यांचा काहीतरी बंदोबस्त करू म्हणाले, बाया टाळ्या वाजवत होत्या. माझं लक्ष नव्हतं. बाबा परेशशी पेंटरबद्दल बोलत होते.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
झोप नाही. पाय रात्रभर ॲक्सिलरेटरवर.
बाबांना विनंती केली. एकच राउंड, तुम्ही शेजारी बसा. देवळासमोरून फुल स्पीडने, नमस्कार न करता गेलो तर गाडी रेसची. नाहीतर पेंटर. भामाला वाटलं ते नाही म्हणतील. बाबांनी चपला घातल्या आणि म्हणाले, चल. या माणसाने मला आयुष्यात एवढी मोठी संधी दिली नव्हती.
आज सुट्टी, रस्ता मोकळा. नवा माणूस होऊन निघतोय.

दुपारी १२
झालं ते असं.
दोन्ही हात स्टीअरिंगवर. मान ताठ. पाय तळाला. देऊळ आलं. जन्मात पहिल्यांदा मी गावदेवीसमोरून न वाकता, न थांबता, फुल स्पीडने गेलो. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही.
देवळासमोर गतिरोधक होता. काल संध्याकाळी गावाने घातलेला. मामांचा बंदोबस्त. पांढरा पट्टा मारायचा राहिलेला. कालच्या रेसला तो असता तर मी एकटाच आरामात गेलो असतो.
ऑइलचा चेंबर फुटला. बाबांचं डोकं पिंजऱ्याला लागलं, टेंगूळ आलंय. बाया धावल्या. त्यातल्या सोनाबाई ओळखीच्या, म्हणाल्या, अरं, शाल घातलेला तो तूच ना? कालच्याला तर बरा होतास.

परेश टेम्पो घेऊन आला. दोरी बांधली. ओढलेल्या गाडीलाही स्टीअरिंग धरावं लागतं. बाबा मला म्हणाले, तू सर, मी धरतो. मी शेजारी बसलो, लहानपणी बसायचो तसा. गाडी मागे वळवून परत देवळासमोर आली. मी बघत होतो बाबांचा हात कधी छातीला जातो. गेलाच नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर दोरीवर.
मी विचारलं, तुम्ही नमस्कार नाही करत?
म्हणाले, गाडी चालवताना कोन करतो? माजे हात स्टेरिंगवर असाचे, म्हनून तुला सांगाचो, जग्या, माज्या वाटचा पन तूच कर.
मग म्हणाले, कर आता.
केला.

दुपारी २
पेंटर आलाय. पिवळा डबा उघडलाय, वास इथपर्यंत येतोय. उद्या सकाळी पहिली फेरी, पनवेल स्टेशनवरून. भामाने देवीचा फोटो परत डॅशबोर्डवर चिकटवला.
एक मुद्दा मात्र नोंदवून ठेवतो. इतकी वर्षं मी एकट्याचा नाही, दोन माणसांचा नमस्कार करत होतो. टायमिंगमध्ये फरक पडणारच.